भाऊबंदाचा वारा

"नदीकडची खिडकी उघडायची नाही म्हणजे नाही!" गुणवंतराव राजे गरजले. "हणमंतरावाच्या वाड्यावरून आलेली एक झुळूकही माझ्या महालात शिरता कामा नये. पण महाल गार पाहिजे! उद्या व्याही जेवायला येताहेत. त्यांना घाम फुटला, तर सटवाजी, तुझं बिऱ्हाड शिवेबाहेर!"

सटवाजी बिचारा छताच्या पंख्याची दोरी ओढणारा.  मान खाली घालून घरी आला आणि ओसरीवर मटकन बसला.

टाकळगडच्या या राजाचं आणि नदीपलीकडच्या चुलतभावाचं, हणमंतरावाचं, एका बांधावरून वाजलं होतं. बांध कुठला, हे आता दोघांनाही धड आठवत नव्हतं, पण भांडण मात्र ताजं होतं! राजांनी नदीकडच्या खिडकीला अडसर घातला, आणि तेव्हापासून महालाची भट्टी झाली. विहिरीकडच्या दाराला वाळ्याचा ओला पडदा होता, वर झालरीचा पंखा डुलत होता, तरी आत जीव घुसमटायचा. मागच्या पंगतीला तर व्याहीबुवा भात यायच्या आधीच घेरी येऊन आडवे झाले होते.

सटवाजीची लेक गोजरा भारी चौकस. आणि फटकळही, हे सांगायला नको. बापाचं तोंड बघून तिने सगळं खोदून खोदून विचारून घेतलं. आई गेल्यापासून या घराशिवाय दोघांना दुसरा आसरा नव्हता.

"आबा, विहिरीकडं तर चांगलं गार असतंय. मग तो गारवा आत का येत न्हाई?"

"काय की! पडदा दिवसभर भिजवतोय बघ."

गोजरा उठली ती आबाला आणि उदबत्ती घेऊन थेट महालात. वाळ्याच्या पडद्यापाशी तिने ती धरली. धूर सरळ वर गेला. आत वळायचं नाव नाही! तिने वर पंख्याकडे पाहिलं आणि तिला हसूच आलं.

"आबा, तुम्ही त्योच त्यो वारा दिसभर ढवळताय! खोली भरलीया शिळ्या वाऱ्यानं. भरल्या घागरीत पाणी ओतलं तर मावंल का? आधी ह्यो भाईर काढाया पायजे."

"आन् कसा काढायचा?"

"भुसा काढतो तसा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरा खळ्यावरचा उफणणीचा पंखा गाडीत घालून घेऊन आली. मूठ फिरवली की मोठाली लाकडी पाती गरगर फिरतात आणि समोरचा भुसा पार लांब उडवतात, तो पंखा. तिने तो नदीकडच्या खिडकीपाशी मांडला, तोंड खिडकीकडे करून. मग खाडकन अडसर काढला.

नेमके तेवढ्यात राजे आत आले. मागे व्याही, त्यांच्यामागे कारभारी.

"खिडकी उघडली!" राजांच्या मिशा थरथरल्या. "कुणाची ही हिंमत?"

"आणि महाराज, तो पंखा पाहिलात?" कारभाऱ्यांनी तेल ओतलं. "पंख्याची पाठ गादीकडे! या दरबारात असं आजवर कधी झालं नाही. गादीचा अपमान आहे हा!"

सटवाजी घाईने पंख्याआड झाला. गोजराने पदर सावरला आणि मुजरा केला.

"महाराज, लढाईत शिपायाचं तोंड कुणीकडं असतं?"

"कुणीकडे म्हणजे? शत्रूकडे!"

"आन् पाठ?"

"पाठ..." राजे अडखळले. "पाठ आमच्याकडे."

"मग ह्यो पंखा आपला शिपाईच हाय की! कारभाऱ्यांचं म्हणणं, त्यानं शत्रूकडं पाठ करावी?"

व्याहीबुवा खुदकन हसले. कारभारी खोकले. पण राजे ते राजेच!

"ते ठीक. पण खिडकीतून हणमंतरावाचा वारा आत आला तर?"

"त्यो कसा येतोय तेच बघा. आबा, फिरवा!"

सटवाजीने मूठ फिरवायला घेतली. पाती घरघरू लागली. गोजराने खिडकीपाशी धुपाटणं धरलं, तर धूर सगळा बाहेर! एक रेघसुद्धा मागे वळेना. आणि तिकडे विहिरीकडच्या दारातला ओला पडदा, जो इतके दिवस मढ्यासारखा लटकत होता, तो आत फुगला. वाळ्याच्या वासाचा गारवा सरळ पंगतीच्या पाटांवरून वाहू लागला.

"अहाहा!" व्याहीबुवांनी उपरणं बाजूला ठेवलं आणि पाटावर ऐसपैस मांडी घातली. "राजेसाहेब, आज भातापर्यंत नक्की पोचतो मी!"

राजेही बसले. वाऱ्याने त्यांच्या मिशा हलल्या, चेहरा खुलला. आणि वरण वाढता वाढता पुन्हा आंबला.

"थांबा! आमच्या महालातला वारा नदीपलीकडे चाललाय. म्हणजे त्या हणमंतरावाला आमच्या राजवाड्यातला वारा फुकटात मिळतोय की! बंद करा ते!"

सटवाजीचा हात थबकला. पडदा पुन्हा लोंबू लागला. व्याहीबुवांच्या कपाळावर घामाचा पहिला थेंब चमकला, आणि गोजराला शिवेबाहेरचा रस्ता दिसू लागला.

"महाराज," ती घाईघाईने म्हणाली, "आपला उतरलेला अंगरखा आपण कुणाला देता?"

"हा काय प्रश्न झाला? चाकरमाणसांना!"

"भाऊबंदांना न्हाई?"

"भाऊबंदाला उतरलेला अंगरखा? अगं, त्याची केवढी शोभा होईल!"

"मग आपल्या अंगावरून उतरलेला वारा गपगुमान घेतंय कोण, महाराज?"

 मग राजांच्या पोटातून हसू उसळलं. ते इतके हसले की ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, हातातला घास ताटात पडला.

"उतरलेला वारा! हणमंतरावाला! फिरव सटवाजी, जोरात फिरव! कारभारी, या बापलेकींचं घर आजपासून त्यांच्या नावावर. कुणी शिवेबाहेरचं नाव काढायचं नाही. आणि या पोरीला पैठणी आणा!"

कारभारी लगबगीने राणीसाहेबांच्या कपाटाकडे वळले.

"अहो, तिकडे कुठे?" राजे ओरडले. "कोरी आणा! उतरलेली दिलीत, तर ही पंखा उलटा करून मलाच हणमंतरावाचा उतरलेला वारा खायला घालेल!"