शांततेची ढाल

एका गावात एक शाळा होती आणि त्या शाळेत शेजारी शेजारी दोन राज्यं होती. एक तिसरीचं, दुसरं चौथीचं. दोन्ही राज्यांना मिळून गुरुजी मात्र एकच. मोहिते गुरुजी चौथीला भागाकार शिकवायला गेले की तिसरी पोरकी व्हायची, आणि पोरक्या वर्गात काय चालतं ते सांगायला नको. कुणी बाकावर चढे, कुणी खडू चाखून बघे, आणि गलका असा की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून विचारी, "आज बाजार हितं भरलाय व्हय?"

म्हणून गुरुजींनी तिसरीत कावेरीला मॉनिटर केलं आणि एक नियम घालून दिला. गुरुजी वर्गात नसताना जो बोलेल, त्याचं नाव फळ्यावर. पुन्हा बोलला तर नावापुढं फुली. ज्याचं नाव आलं त्यानं खेळाच्या तासाला व्हरांडा झाडायचा.

शिवाय एक ढाल होती. कुठल्याशा जुन्या स्पर्धेत शाळेला मिळालेली, लाकडाची, रंग उडालेली. शनिवारी शाळा सुटताना ज्या वर्गाचा फळा कोरा असेल, त्या वर्गाच्या दारावर गुरुजी ती आठवडाभर टांगत. ती चौथीच्या दारावर जी जाऊन बसली होती, ती उतरायचं नाव घेत नव्हती. चौथीची पोरं येता-जाता ढालीला नमस्कार करत, तोही तिसरीला दिसेल असा. तिसरीचा जीव नुसता जळत असे.

कावेरी मॉनिटर म्हणून खरी होती. तिच्यापुढं आपलं-परकं काही नव्हतं. दत्तू तिचा सख्खा चुलतभाऊ, एका अंगणात वाढलेला. त्याचं तोंड म्हणजे चालू नळ. नाव लिहू नये म्हणून एकदा त्यानं तिला ओंजळभर बोरं देऊ केली. कावेरीनं बोरं परत केली, नाव लिहिलं, आणि बोरं देताना तो बोलला म्हणून पुढं फुलीही मारली. एकदा लिहिलेलं नाव तिनं कधी पुसलं नाही. गुरुजींनाही तिचं कौतुक होतं.

दिवाळीनंतर या वर्गात पौर्णिमा आली. तिचे आईवडील लांब वऱ्हाडातून गावाजवळच्या वीटभट्टीवर कामाला आले होते. पहिल्याच दिवशी तिनं हात वर केला आणि म्हणाली, "गुरुजी, मले तहान लागली. पाणी कोठी हाय?"

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. खरं तर तिला पाणीच हवं होतं, पण पोरांना 'मले' हे खाऊसारखं मिळालं. दत्तू दिवसभर "मले, मले" करत तिच्यामागं फिरला. गुरुजींनी त्याचा कान धरला. पण कान धरल्यानं गेलेला शब्द परत येत नाही. पौर्णिमा त्या दिवसापासून वर्गात बोलली नाही. तहान लागली तरी गप्प. पाटीवर शब्द सुरेख लिही, बेरीज-वजाबाकी चोख करी. वाचायला उभं केलं की मात्र पुस्तकात बघत राही आणि ओठ हलत नसत. शब्द तिच्या तोंडापर्यंत येत आणि 'मले' आठवलं की मागं फिरत.

कावेरीच्या दृष्टीनं मात्र ही वर्गातली सगळ्यात गुणी मुलगी होती. हिचं नाव कधी फळ्यावर आलं नाही. "पौर्णिमासारखं बसायला शिका," असं ती मधल्या सुट्टीत बाकीच्यांना बजावायची. ते ऐकून पौर्णिमा मान आणखी खाली घालायची. कावेरीला वाटायचं, लाजली.

गुरुजींनी एके दिवशी पौर्णिमाच्या आईला बोलावून घेतलं. पौर्णिमा आईचा पदर धरून शेजारी उभी होती.

"पोरगी हुशार आहे," गुरुजी म्हणाले. "पण वाचून दाखवत नाही. वाचता येतं की नाही, मला कसं कळायचं? संक्रांतीपर्यंत वाट बघतो. नाहीतर दुसरीत बसवतो. लहान पोरांत भीड चेपेल."

"घरी तं लय बोलते गुरुजी," आई म्हणाली. "चूप बस म्हणा लागते तिले."

गुरुजींच्या मनात वाईट काही नव्हतं. पण दुसरीत बसायचं म्हणजे लहान बाकावर गुडघे मुडपून, दात पडलेल्या पोरांत बसायचं. पौर्णिमाला ते नको होतं. तिला तिसरीतच राहायचं होतं, आणि त्यासाठी एकदा तोंड उघडायचं होतं. तेवढं एकच तिच्यानं होत नव्हतं.

त्याच दिवसांत गुरुजींनी परिसर अभ्यासाच्या तासाला सगळ्यांना मटकी पेरायला लावली होती. प्रत्येकानं घरून नारळाची करवंटी आणायची, त्यात माती भरायची, चार दाणे टोचायचे आणि रोप किती वाढलं ते रोज पट्टीनं मोजायचं. करवंट्या खिडकीत ओळीनं मांडल्या होत्या. ओळीच्या अगदी टोकाला पौर्णिमाची. ती बाटलीच्या झाकणानं मोजून पाणी घाली. तिची मटकी सगळ्यांत उंच झाली होती. तिच्याशेजारची करवंटी कावेरीची.

असा संक्रांतीच्या आधीचा शनिवार उजाडला. त्या दिवशी तिसरीनं मनावर घेतलं होतं. ढाल आणायचीच. गुरुजी चौथीकडून पाढे म्हणवून घेत होते आणि इकडं तिसरी अशी बसली होती की पाल चुकचुकली तरी ऐकू यावी. दत्तूनं तर स्वतःच्या तोंडात रुमाल कोंबला होता. शाळा सुटायला थोडाच वेळ उरला होता. फळा कोरा होता. कावेरी खिडकीकडं पाठ करून, हातात खडू घेऊन, वर्गावर नजर ठेवून उभी होती.

तेवढ्यात खिडकीच्या गजांतून एक शेळी आत डोकावली.

कुंपणाच्या भगदाडातून ती नेहमीच येई, पण आज तिला हिरवागार खाऊ दिसला. तिनं मान लांब केली आणि टोकाची करवंटी, म्हणजे पौर्णिमाची, एका घासात साफ केली. सगळ्या वर्गानं ते बघितलं. कुणी बोललं नाही. पोरांचे डोळे मोठे झाले, हात वर झाले, बोटं खिडकीकडं वळली, पण तोंडं मिटलेली. ढाल जवळ आली होती ना! कावेरीला वाटलं, पोरं चाळे करतायत. तिनं डोळे वटारले. पोरांनी हात खाली घेतले.

पौर्णिमानंही बघितलं. तिची मटकी गेली. तिचे डोळे भरले, पण ती बोलली नाही.

शेळीनं मान जराशी सरकवली आणि कावेरीच्या करवंटीला तोंड लावलं.

"अवं कावेरी! बकरी खाऊन रायली न तुही मटकी! हाकल तिले!"

आवाज एवढा खणखणीत होता की शेळीच दचकली आणि गजांतून मान काढून पळाली. कावेरीनं मागं वळून बघितलं. तिच्या करवंटीत दोन पानं उरली होती. मग तिनं वर्गाकडं बघितलं. पौर्णिमा उभी होती. सगळा वर्ग तिच्याकडं बघत होता.

कावेरीनं एवढे दिवस जे केलं होतं तेच केलं. नियम म्हणजे नियम. ती फळ्याकडं वळली आणि ठळक अक्षरात लिहिलं: पौर्णिमा.

वर्गातून एक सुस्कारा निघाला. ढाल गेली. हणमंत नावाच्या पोराला ढालीची सगळ्यांत जास्त हौस होती, तो तर मुसमुसून रडायलाच लागला. पौर्णिमानं फळ्यावरचं आपलं नाव वाचलं. ती खाली बसली आणि तिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. पुन्हा कधी चूक होऊ नये, असे धरले.

कावेरीनं ते दाबलेले हात बघितले. तिनं पुन्हा खिडकीकडं बघितलं. टोकाची करवंटी रिकामी. शेळी त्या टोकाकडून आली होती. म्हणजे आधी पौर्णिमाची मटकी गेली होती, आणि तेव्हा ही पोरगी गप्प बसली होती. बोलली ती आपल्यासाठी. आणि आपण काय केलं? तिचं नाव फळ्यावर टांगलं.

एका हातात खडू होता. डस्टर समोर होतं. पुसून टाकलं असतं तर कुणी तक्रार केली नसती. उलट ढालही मिळाली असती. पण पुसलं असतं तर पौर्णिमा बोललीच नव्हती, असं झालं असतं. आणि ती तर बोलली होती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

कावेरीनं डस्टरला हात लावला नाही. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पौर्णिमा, माझं चुकलं. माझी मटकी वाचवलीस आन् मी तुझंच नाव लिवलं."

वर्ग चाट पडला. मॉनिटर बोलली! कावेरी वळली आणि पौर्णिमाच्या नावाखाली तिनं लिहिलं: कावेरी.

दत्तूनं तोंडातला रुमाल काढला. "माझं बी लिव," तो म्हणाला. "मी आत्ता बोललो. आन् पहिल्या दिवशी 'मले मले' मीच करत हुतो, त्याची एक फुली मार."

कावेरीनं नाव लिहिलं, फुली मारली. मग मागच्या बाकावरून कुणी म्हणालं, "मी बी हसलो हुतो." खिडकीजवळची म्हणाली, "शेळी मी आधी बघितली हुती, बोलले न्हाई." कावेरी लिहीत सुटली. हणमंत मात्र डोळे पुसत ओरडला, "मी न्हाई बोललो! माझं लिवू नका!" हे बोलला म्हणून त्याचंही नाव आलं.

एवढा गलबला झाल्यावर गुरुजी आले. हातात चौथीची छडी होती. ते दारात उभे राहिले, वर्ग चिडीचूप झाला. गुरुजींनी फळा बघितला. वरपासून खालपर्यंत नावं.

"हे काय कावेरी? अख्खा वर्ग?"

"गुरुजी," कावेरी म्हणाली, "पौर्णिमा बोलली."

गुरुजींची नजर फळ्याच्या डोक्यावर गेली. पहिलं नाव त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. त्यांचा राग कुठं गेला कोण जाणे. पण ते मास्तर होते. आनंद झाला म्हणून नाचता येत नाही. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "बरं. कोण कोण बोललं, कुणीतरी वाचून दाखवा. माझा चष्मा चौथीत राहिलाय."

चष्मा त्यांच्या नाकावरच होता. कावेरीनं ते पाहिलं आणि तिला कळलं. तिनं लांब पट्टी उचलली आणि नेऊन पौर्णिमाच्या हातात दिली.

पौर्णिमानं पट्टी घेतली. ती दत्तूकडं बघत राहिली. दत्तूनं दोन्ही हात आपल्या तोंडावर दाबून धरले. मग ती उठली, फळ्याजवळ गेली आणि पट्टी पहिल्या नावावर ठेवली.

"पौर्णिमा," तिनं वाचलं. आवाज बारीक होता. "कावेरी." जरा मोठा झाला. "दत्तू, एक फुली." पुढं पुढं ती भराभर वाचत गेली. जोडाक्षरंसुद्धा अडली नाहीत. शेवटच्या नावापर्यंत आली, पट्टी खाली घेतली, आणि परत फिरण्याऐवजी थांबली.

"गुरुजी, एक राहिलं."

"कोण राहिलं?"

"तुमी. तुमी बी बोलले न आता."

सगळा वर्ग खो खो हसला. पौर्णिमा दचकली. मग तिनं बघितलं की गुरुजीही हसतायत आणि पोरं तिच्याकडं बघून नाही, गुरुजींकडं बघून हसतायत. तेव्हा तीही हसली. गुरुजींनी मुकाट्यानं खडू घेतला आणि सगळ्यांत खाली लिहिलं: मोहिते.

ढाल चौथीच्याच दारावर राहिली. सोमवारी खेळाच्या तासाला अख्ख्या तिसरीनं व्हरांडा झाडला आणि गुरुजींनी एका टोकाला केरसुणी धरली. पौर्णिमाला दुसरीत बसवायचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. त्याच दिवशी गुरुजींनी नियमात एक दुरुस्ती केली. नाव लिहायचं, पण त्यापुढं काय बोलला तेही लिहायचं. कामाचं बोलला असेल तर झाडणं माफ.

पौर्णिमा मात्र कामाचं आणि बिनकामाचं असा भेद करीना. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत व्हरांडा सगळ्यांत जास्त वेळा तिनंच झाडला, आणि झाडतानाही ती बोलतच असे.

तात्पर्य: नियम पाळावा, पण तो कशासाठी केला आहे हे विसरू नये. ज्या शांततेत एखाद्याचं तोंड कायमचं मिटतं, ती शांतता ढाल मिळाली तरी तोट्याचीच.