आवडीची माती

आमच्या सड्यावर, या वरच्या कातळाच्या माळावर, श्रावणात जे जांभळं फूल दिसतं, ते बोटभरही उंच नसतं. देठ लालसर, मुळं नखाएवढी, पाकळ्यांच्या मधोमध एक मातकट ठिपका. कातळातल्या खळग्यात चिमूटभर माती असेल तिथेच ते उगवतं आणि दसऱ्याच्या आत बी टाकून वाळतं. खाली शेतांत एवढी माती आहे, तिथे एक रोप शोधून दाखवा. माझं घर सड्याखालचं शेवटचं. वर गेलेला माणूस काय घेऊन उतरला ते मला इथून दिसतं. बसा, चहा ठेवलाय.

पूर्वी हा सडा म्हणे नुसता उघडा कातळ होता. कुणाच्या उपयोगाचा नाही म्हणून खोताने तो आवडी नावाच्या विधवेला कसायला दिला, तोही हसत. तिने ओहोळातला गाळ टोपलीने वर वाहिला, दगडांची कड रचून अडवला. वर्षानुवर्षं वाहिला. टाळूवरचे केस गेले, असे सांगतात. मग नाचणी कंबरेला लागली आणि खोत माणसं घेऊन वर आला.

"कातळ माझो. त्येच्यार पिकला ता पण माझाच."

कणसं कापून नेली. गाव खाली मान घालून उभा. आमचेच पूर्वज ते. मला अजून त्यांचा राग येतो.

आवडी रडली नाही. म्हणाली, "कातळ तुमचो, खोतानू. माती माझी. ती मी घेऊन जातंय."

"खंय नेतलंस? डोक्यार?" खोताची माणसं हसली.

"हाडली तशीच." आणली तशीच नेणार, टोपलीने.

तिने स्वतः रचलेली कड फोडली. टोपली टोपली माती उपसून सड्याच्या खळग्याखळग्यांत मुठीने टाकली, जिथे नांगर शिरणार नाही, पुन्हा कुणाला गोळा करता येणार नाही. शेवटची मूठ टाकून बसली ती उठलीच नाही. पुढच्या पावसात प्रत्येक मुठीतून हे फूल आलं. मधला ठिपका तिच्या अंगठ्याचा, म्हणे. खोताने हौसेने एक रोप अंगणात लावलं, ते सकाळपर्यंत वाळलं.

आजही सड्यावरून उतरताना आम्ही वरच्या पायरीशी थांबून पाय झाडतो, म्हणजे तिची माती वरच राहते. नवी नवरीसुद्धा झाडते. आणि ताई, तुम्ही मघाशी चमच्याने फूल उकरून पिशवीत घातलंत, ते मी पाहिलंय. रोप तर आता मेलंच. पण त्याच्या मुळांना धरून आलीय ती माती आवडीची आहे. चहा नंतर. आधी वर जा आणि ती ठेवून या.