थेंबभर जागा

“पण मास्तर, थेंबभर जागा तरी दाखवाल की नाही?”

रेवतीने हे तिसऱ्यांदा विचारलं. गोदामाच्या फरशीवर अंथरलेल्या पडद्याकडे भूपालमास्तर चौगुले नुसते बघत राहिले. साठ वर्षांपूर्वी नाटक कंपनीसाठी त्यांनीच रंगवलेली ती राजवाड्याची बाग. कापड आता इतकं विरलं होतं, की उचलायला जावं तर सुतं हातात यायची.

रेवती त्यांचीच शिष्या. त्यांचे ब्रश धुता धुता शिकली, मग परदेशात जाऊन जुनी चित्रं वाचवायची विद्या घेऊन आली. लाकडाच्या बारीक तंतूंपासून केलेलं एक नवं द्रावण तिने आणलं होतं. पाठीमागून लावलं, की ते सुतात मुरतं आणि कापडाला बळ देतं. बाईंचा तोरा तर काही विचारूच नका.

“पुढची शंभर वर्षं काळजी नको,” ती म्हणाली. “फक्त आधी एका थेंबाची चाचणी घ्यायची. तुमचे रंग सरसात कालवलेले, पाण्याने सुटणारे. ओल लागून पसरले तर? म्हणून जिथे बिघडलं तरी चालेल, अशी जागा हवी. हे आभाळ चालेल?”

“आभाळ निवृत्तीने रंगवलंय, माझ्या जोडीच्या रंगाऱ्याने. मला आभाळ कधी जमलंच नाही. त्यालाही जाऊन आता वीस वर्षं झाली…”

“मग हा काळा डाग?”

“कागलला भर प्रयोगात वीज गेली. गॅसबत्ती इथे टेकवली होती. एक माणूस जागचा उठला नाही गं.”

रेवती गुडघ्यांवर सरकत खालच्या कडेला आली. तिथे एक भोक रफू केलेलं होतं.

“इथे तर रंगच नाही उरला.”

“यातून नट बघायचे, थिएटर भरलंय का ते. रफू आमच्या हिच्या हातची.”

रेवतीला भरून आलं, पण पोरगी हट्टी.

“बोट ठेवीन तिथे तुम्ही आठवण काढणार. अहो, या पावसाळ्यानंतर आठवणीच राहतील, पडदा राहायचा नाही.”

मास्तर काठी टेकत उजव्या कोपऱ्याशी गेले. खाली बसले, फतकल मारली, आणि वेलीच्या पानांत बोट ठेवलं.

“इथे लाव.”

रेवती वाकली. पानांच्या आड बारीक अक्षरं होती. भू. चौगुले. एवढ्या मोठ्या पडद्यावर त्यांची खूण म्हणावी ती तेवढीच.

“मास्तर, ही तुमची सही आहे.”

“ठाऊक आहे की.”

“पुसली गेली तर मला परत आणता यायची नाही. माझ्या हातून सुधारलेल्या प्रत्येक चित्रामागे मी माझं नाव घालते, आणि तुम्ही…”

मास्तरांनी हलक्या हाताने कोपरा उलटा केला. द्रावणाच्या बाटलीतला ब्रश काढून तिच्या हातात दिला.

“बिघडलं तरी चालेल, अशीच जागा हवी ना? मग नाव कोपऱ्यात कशाला घालतात, असं वाटलं तुला?”