रुळलेली पाल

पाली माणसांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. मृणालिनीबाईंनी हौसेने आणलेली हिरवी पाल काचेच्या पेटीतल्या पोकळ बांबूत दडून बसली.

"अगं, पाहुणे काय बांबू बघायला येतात?" बाई म्हणाल्या.

"बाई, एवढा आडोसा राहू द्या. धीर आला की मी आपण होऊन बाहेर येईन."

"लाड केले तर जन्मात यायची नाहीस!" असे म्हणत बाईंनी बांबू काढून घेतला, मागोमाग पानेही.

पाल उघड्यावर बसून राहिली. तिचे खाणे सुटले, रंग विटला. पुढे ती बोटालाही बुजेनाशी झाली.

"बघा, कशी रुळली!" बाई पाहुण्यांना कौतुकाने म्हणाल्या.

"बाई, ती मरतेय," भिंतीवरची साधी पाल म्हणाली.

बाईंनी केरसुणी उचलली.

तेव्हापासून पाली माणसांशी बोलत नाहीत. दुरून नुसत्या चुकचुकतात.