दिवाणांची शेंडी, सेनापतींची मिशी

“देवीला बोकडच!” सेनापती मुधोजीराव गरजले.

“देवीला पुरणपोळी!” दिवाण नरहरपंत किंचाळले.

आणि सुरगडच्या भर दरबारात सेनापतींचा जोडा आणि दिवाणांची दौत एकाच वेळी उडाली. जोडा भालदाराला लागला. दौत राजे भुजंगराव यांच्या कोऱ्या शेल्यावर उपडी झाली.

जत्रा आठ दिवसांवर आली होती. वाद नैवेद्याचा, पण तीन दिवसांत देवी कुठल्या कुठे राहिली होती. कुणाचा आजा रणातून पळाला आणि कुणाच्या चुलत्यानं लाच खाल्ली, हेच चाललं होतं. गावातही दोन तट पडले होते. सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनात.

“बस्स!” राजे ओरडले. “उद्यापासून माझ्या राज्यात देव, गादी आणि रीतभात यांवर कुणी अवाक्षर काढायचं नाही! काढील त्याला शंभर फटके!”

महाराजांची दाढी करायला आलेला सटवा न्हावी कोपऱ्यात वस्तरा-कात्रीची धोकटी घेऊन बसला होता. तो दचकलाच. या तीन गोष्टी वगळल्या तर माणसं बोलणार कशावर? आणि गिऱ्हाईक गप्प बसलं तर ती हजामत कसली, ते तर मेंढरू कातरणं झालं!

“म्हाराज,” सटवा उठला, “भांडान बंद करा, पर बोलणं ऱ्हाऊ द्या की!”

“वा रे शहाण्या! मग करून दाखव! हे दोघं घटकाभर वाद घालतील, मनातलं सगळं बोलतील, पण आवाज चढणार नाही आणि एक शिवी निघणार नाही. जमलं तर हुकूम मागे. नाही जमलं, तर तुझी धोकटी डोहात आणि तू वेशीबाहेर!”

दरबार खो खो हसला. सटव्याला घर आठवलं. घरी चार पोरं, आणि वस्तऱ्याशिवाय दुसरा धंदा ठाऊक नाही. त्यानं दोघांकडे नीट पाहिलं. सेनापतींची मिशी अशी, की तिच्यावर लिंबू ठेवावं. दिवाणांची शेंडी तेल लावून, गाठ मारून जपलेली. बघता बघता गडी गालात हसला.

“जमलं म्हाराज! दोन पाट आन् तांब्याभर पाणी द्या. आज ह्ये दोघं एकमेकांची हजामत करतील. ज्येच्या हातात वस्तरा, त्येनंच बोलायचं. दुसऱ्यानं गप ऐकायचं. मग पाळी बदलायची.”

“मी? वस्तरा धरू?” दिवाण दोन पावलं मागे सरले.

“रोज भर दरबारात एकमेकांची बिनपाण्यानं करताच की! आज पाणी लावून करा!”

राजांनाच हसू फुटलं, मग दिवाणांची काय बिशाद? निमूट पगडी काढून ते पाटावर बसले. सटव्यानं त्यांचं डोकं भिजवलं आणि वस्तरा सेनापतींच्या हातात दिला.

“ह्या पंताला काय ठावं, बोकडाचं...” सेनापतींचा आवाज चढणार, तोच हात हलला. शेंडीचे चार केस दिवाणांच्या मांडीवर पडले!

“अगं आई गं!” दिवाणांचे डोळे पांढरे झाले.

“बोलू नका पंत, हलू बी नका,” सटवा शांतपणे म्हणाला. “म्होरली पाळी तुमचीच हाय.”

सेनापतींचा हात आपसूक मिशीवर गेला. मग, आयुष्यात पहिल्यांदाच, ते हळू बोलले.

“दिवाणसाहेब, माझं म्हणणं एवढंच. डोंगरातल्या माझ्या शिपायांच्या घरी वर्साकाठी एकदाच मटण शिजतं, जत्रंच्या प्रसादाचं. ते बंद झालं तर पोरं वाट बघत बसतील हो.”

पाळी बदलली. सेनापती डोळे मिटून बसले. दिवाणांनी वस्तरा मिशीपाशी टेकवला. दरबारानं श्वास रोखला.

“लहानपणी मी एक करडू पाळलं होतं, सेनापती. माझ्या अंथरुणात निजायचं. एका जत्रेत मामांनी नवसासाठी ते देऊन टाकलं. त्या दिवसापासून देवळातला ढोल वाजला की मी कान झाकतो.”

वस्तरा उचलला गेला. सेनापतींचे डोळे ओले झाले होते.

“हे आधी का नाही बोललात?”

“तुम्ही बोलू दिलंत कधी?”

घटका संपली. देवीला काय द्यायचं ते काही ठरलं नाही. पण शिवी निघाली नव्हती, आवाज चढता चढता राहिला होता, मिशी शाबूत होती, शेंडी बरीचशी शाबूत होती, आणि दोघंही म्हणत होते, “उद्या परत बसू!”

राजे चकित होऊन पाटावर येऊन बसले. “जिंकलास, सटव्या! आता माझी दाढी कर, आणि ही युक्ती कुठं सुचली ते सांग.”

सटव्यानं राजांचा गाल भिजवला, वस्तरा थेट नाकाखाली टेकवला आणि म्हणाला, “म्हाराज, तुमचा त्यो हुकूम लई वंगाळ हुता.”

दरबार गारठला. राजांच्या नाकपुड्या फुगल्या, पण ओठ हलेनात. सटवा आपला वस्तरा फिरवतोय.

“पाणवठ्यावर पहारा बसवलात, त्यो बी वंगाळ. बायांना घागरभर पाण्यासाठी उन्हात उभं ऱ्हावं लागतंय.”

गाल गुळगुळीत झाला. वस्तरा दूर होताच राजे कडाडले, “एवढं धारिष्ट? माझ्या तोंडावर?”

“युक्ती कुठं सुचली म्हून इचारलंत न्हवं? हितंच सुचली, ह्या पाटावर! बारा वर्सं तुमची दाढी करतोय. वस्तरा माझ्या हातात, म्हून तुम्ही मला मधी तोडत न्हाई. तलवार तुमच्या हातात, म्हून माझा आवाज चढत न्हाई. बारा वर्सांत आपलं एक तरी भांडान झालंय का, म्हाराज?”

राजांनी गुळगुळीत गालावरून हात फिरवला. मग असे हसले, असे हसले, की पाटावरून घसरून खाली बसले! हसता हसताच त्यांनी हुकूम मागे घेतला, पाणवठ्याचा पहारा उठवला आणि हातातलं सोन्याचं कडं काढून सटव्याच्या मनगटात घातलं.

“दुसरा गाल ऱ्हायलाय, म्हाराज,” सटवा म्हणाला.

“थांब जरा,” राजे डोळे पुसत म्हणाले, “आता बोलायची पाळी माझी!”