मुशीशी माप लावायला गेलेली मरळ

फार पूर्वी, नदीचं गोडं पाणी जिथे खाडीला मिळतं, त्याच्या थोडं वर एक डोह होता. त्या डोहात एक मरळ राहायची. मरळ म्हणजे गोड्या पाण्यातली शिकारी मासळी. ती शेवाळातून नुसती बाहेर आली, तरी बेडकांची बोलती बंद व्हायची. त्या वर्षी तिला पिल्लं झाली होती. बोटाच्या पेराएवढी, लालसर, शेकड्यांनी. मरळ स्वतः उपाशी राहायची, पण त्यांच्यावरचा पहारा सोडायची नाही.

एके दिवशी काठावर पंख वाळवत बसलेल्या पाणकावळ्याने समुद्रातल्या मुशीची गोष्ट काढली. मुशी, म्हणजे मोठा शार्क मासा, होडीएवढी लांब असते आणि तिला पाहून भले भले मासे वाट सोडतात, असं तो सांगत होता. मरळीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग तो सहज म्हणाला, "मरळताई, रागावू नका, पण तुम्ही तिच्या एका घासाच्याही नाही."

हे मरळीच्या मनाला लागलं. बेडकांनीही ते ऐकलं, हे तर जास्तच लागलं. खरं म्हणजे बेडूक काय म्हणतात याने कोणाचं काही अडत नाही, पण दुखावलेल्या जिवाला ते पटत नाही. मुशीला एकदा डोळ्यांनी पाहायचं आणि आपण अगदीच किरकोळ नाही याची खात्री करायची, असं तिने ठरवलं. पिल्लांना लव्हाळ्यात लपवून, भरती उतरायच्या आत येते असं सांगून ती निघाली.

खाडीजवळ पाणी खारट झालं. तिचे कल्ले जळजळू लागले. तशीच आणखी दोन वळणं गेल्यावर समोर एक भलीमोठी काळी सावली आली. भरतीबरोबर आत आलेली मुशी होती ती. मरळ तिच्या एका पराएवढीही नव्हती. मुशीचं पोट भरलेलं होतं, म्हणून मरळ वाचली.

एवढासा जीव घेऊन खाऱ्यात कशाला आलीस, असं मुशीने विचारलं.

"तुझ्याशी माप लावून पाहायला," मरळ म्हणाली. खोटं बोलायचीही ताकद तिच्यात उरली नव्हती.

मुशी हसली नाही. तिला एका जागी थांबता येत नसे, म्हणून ती मरळीभोवती फेऱ्या घालत राहिली. "घरी कोण आहे?"

"पिल्लं."

"ती तुला ओळखतात?"

"मी नुसती वळले तरी सगळी माझ्यामागे वळतात."

मुशीने आणखी एक फेरी घातली. मग म्हणाली, "मलाही झाली होती. जन्मली तशी निघून गेली. त्यातलं एखादं उद्या वाटेत आलं, तर मी त्याला खाऊन टाकेन आणि मला कळणारही नाही. माझ्यात काय मोजायला आलीस तू? जा, घरी जा बाई."

मरळ मागे फिरली. तोवर ओहोटी लागली होती. उलट्या प्रवाहात तिची दमछाक झाली. डोहात पोचली तेव्हा लव्हाळ्यात पाणकावळा होता. तो आधी नुसता डोकावला होता, पण पहाऱ्याला कोणी नाही म्हटल्यावर त्यालाही पोट होतंच. मरळ त्याच्यावर धावून गेली. तो उडाला, पण तोवर निम्म्याहून जास्त पिल्लं गेली होती.

उरलेली गवताच्या मुळाशी चिकटून बसली होती. मरळीच्या पिल्लांना पाण्यावर येऊन श्वास घ्यावा लागतो, पण भीतीने एकही वर येत नव्हतं. मरळ त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. हळूहळू एक वर आलं, मग दुसरं, मग सगळी.

संध्याकाळी बेडकांनी विचारलं, मुशी केवढी होती?

मरळ म्हणाली, "ती केवढी हे पाहायला गेले, त्यात माझी पिल्लं गेली."

तात्पर्य: आपण कोणापुढे किती लहान, हे मोजायला गेलं की ज्यांना आपण पुरेसे असतो, त्यांना नेमके तेव्हाच कमी पडतो.