शिगेवरची शेंग

एक होती खार. एवढीशी. तुमच्या मुठीत मावेल एवढी. शेपूट मात्र झुपकेदार. म्हणून तिचं नाव झुपकी.

झुपकी राहायची चिंचेच्या झाडावर, ढोलीत. ढोलीत आई होती. बाबा होते. आणि आजोबा? आजोबा बाहेर, फांदीवर निजायचे. गार वारा सुटायचा. आजोबा खोकायचे. खॉक खॉक, खॉक खॉक.

का बरं बाहेर निजायचे? ऐका तर.

ढोली होती पोपटरावांची. पोपटराव म्हणाले होते, "मोठी करवंटी भरून भुईमुगाच्या शेंगा द्या. मग ढोली तुमची. तोवर आतली खोली माझी. माझं सामान आहे तिथे. तुम्ही पुढच्या खोलीत राहा."

पुढची खोली केवढी? एवढुशी. आई मावली, बाबा मावले, झुपकी मावली. आजोबा मावेनात. बाबा म्हणायचे, "आबा, मी निजतो बाहेर." आजोबा म्हणायचे, "तू दिवसभर राबतोस. नीज आत. मला नाही वाजत थंडी." आणि मग खोकायचे. खॉक खॉक.

होळीपर्यंत शेंगा द्यायच्या, असं ठरलं होतं. पण आईनं खोकला ऐकला. आई म्हणाली, "होळीपर्यंत नाही थांबायचं. लवकर फेडायचं."

मग काय! शेंगा काढून झालेल्या रानात सगळे जायचे. मागे राहिलेल्या शेंगा वेचायचे. दोन मिळाल्या की एक खायची, एक ठेवायची. आई म्हणायची, "एक पोटाला." बाबा म्हणायचे, "एक घराला." झुपकीच्या पोटात कावळे ओरडायचे. तरी झुपकी म्हणायची, "एक घराला."

झुपकीला खेळावंसं वाटायचं. आई म्हणायची, "घर झालं की खेळ हं, बाळा." झुपकी मान हलवायची आणि शेंगा वेचायची.

पोपटराव वाईट नव्हते. मापाचे पक्के होते, एवढंच. दर पुनवेला यायचे. करवंटी बघायचे. करवंटी काठापर्यंत भरून चालायची नाही. वर टोक यायला हवं. त्या टोकाला म्हणतात शीग. शिगेवर एक शेंग ठेवायची. मग पोपटराव पंख झाडायचे. फडफड! शेंग पडली नाही, तर माप पुरं. शेंग पडली, तर पुढच्या पुनवेला.

मागच्या पुनवेला काय झालं? करवंटी भरली. शिगेवर शेंग ठेवली. पोपटरावांनी पंख झाडले. फडफड! शेंग डुगडुगली. शेंग घसरली. टप्प! झाडाखालच्या ओढ्यात पडली. वाहून गेली. आजोबा फांदीवर जाऊन निजले.

आज पुन्हा पुनव होती. शीग मोकळीच होती. महिनाभरात रानात एकही शेंग सापडली नव्हती. आई शोधून दमली. बाबा शोधून दमले.

सापडली कुणाला? झुपकीला! बांधाच्या कडेला, ढेकळाखाली. एकच शेंग. छान, टपोरी.

झुपकीला भूक लागली होती. खूप खूप भूक. शेंगेचा वास आला. तोंडाला पाणी सुटलं. झुपकी म्हणाली, "नको गं बाई. हातात राहिली, तर मी खाईन. पुरून ठेवते." खारीच ना! जपायचं म्हणजे पुरायचं. तिनं खड्डा केला. शेंग ठेवली. माती लोटली. आणि आईला बोलवायला गेली, तुरुतुरु, तुरुतुरु.

आई दिसली नाही. झुपकी परत आली. बघते तर काय? शेंगेवर म्हैस बसलेली! काळी, मोठ्ठी. रवंथ करत होती. चर्वट चर्वट.

झुपकीला रडूच आलं. पण रडून कसं चालेल? ती म्हणाली,

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, ऊठ ना गं!
शेंग निघेना,
माप भरेना,
आजोबांची थंडी सरेना!"

म्हैस म्हणाली, "उठून जाऊ कुठे? गवतानं मान टाकलीय. गवत डुललं, तर उठेन."

झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गवताकडे आली.

"गवतदादा, गवतदादा, डूल ना रे!
म्हैस उठेना,
शेंग निघेना,
माप भरेना,
आजोबांची थंडी सरेना!"

गवत म्हणालं, "डुलू कसं? घसा कोरडा पडलाय. पाट वाहिला, तर डुलेन."

झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पाटाकडे आली. विहिरीचं पाणी रानात नेणारा पाट. पण आत पाणी होतं का? छे! थेंबसुद्धा नाही.

"पाटकाका, पाटकाका, वाहा ना हो!
गवत डुलेना,
म्हैस उठेना,
शेंग निघेना,
माप भरेना,
आजोबांची थंडी सरेना!"

पाट म्हणाला, "वाहू कसा? तोंडात गाळ बसलाय. फावड्यानं गाळ काढला, तर वाहीन."

ऊन डोक्यावर आलं. झुपकीचे पाय भाजले. तरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. फावडं पडलं होतं कुंपणाशी, एकटंच.

"फावडेदादा, फावडेदादा, गाळ काढ ना रे!
पाट वाहेना,
गवत डुलेना,
म्हैस उठेना,
शेंग निघेना,
माप भरेना,
आजोबांची थंडी सरेना!"

फावडं म्हणालं, "काढू कसा? दांडा निघालाय माझा. सुतारानं दांडा बसवला, तर काढीन."

झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. सुताराकडे आली. सुताराचं नाव भिवाकाका. भिवाकाका गप्प बसले होते. पटाशी खाली, हातोडी खाली.

"भिवाकाका, भिवाकाका, दांडा बसवा ना हो!
फावडं चालेना,
पाट वाहेना,
गवत डुलेना,
म्हैस उठेना,
शेंग निघेना,
माप भरेना,
आजोबांची थंडी सरेना!"

भिवाकाका म्हणाले, "कसा बसवू, पोरी? माझी यमू सकाळपासून रडतेय. माझा हातच चालेना. यमू हसली, तर बसवीन."

झुपकी निघाली. आता पाय दुखत होते. तुरु... तुरु... तुरु... तुरु... यमू बसली होती उंबऱ्यात. ऊं ऊं ऊं, ऊं ऊं ऊं.

"यमूताई, यमूताई, हस ना गं!
दांडा बसेना,
फावडं चालेना,
पाट वाहेना,
गवत डुलेना,
म्हैस उठेना,
शेंग निघेना,
माप भरेना,
आजोबांची थंडी सरेना!"

यमू म्हणाली, "हसू कशी? माझ्याशी कुणी खेळतच नाही. तू खेळलीस, तर हसेन."

खेळायचं? घर व्हायच्या आधीच? आई काय म्हणाली होती? घर झालं की खेळ.

सावल्या लांब झाल्या होत्या. पोपटराव आता येतील. काय करू? कुणाला विचारू?

झुपकीनं विचार केला. शेंग जपली, ती करवंटीत गेली. दुसरी जपली, तीही करवंटीत गेली. पण खेळ? खेळ काही करवंटीत भरत नाही. मग तो कशाला जपायचा?

आणि झुपकी खेळली! आजोबांनी शिकवलेला खेळ. आपलीच शेपटी आपणच पकडायची. गर्र गर्र, गर्र गर्र! शेपटी पुढे, झुपकी मागे. पकडली, सुटली, पकडली, सुटली. धप्प! झुपकी पडली उताणी.

यमू हसली. खुदुखुदु खुदुखुदु!

झुपकीसुद्धा हसली. किती दिवसांनी हसली!

यमू हसली.
भिवाकाकांनी दांडा बसवला. ठक ठक ठक!
फावड्यानं गाळ काढला. खस्स खस्स!
पाट वाहिला. खळखळ खळखळ!
गवत पाणी प्यालं. गवत डुललं. सळसळ सळसळ!
म्हैस उठली. हुऽऽश्श!

झुपकी धावली. माती उकरली. शेंग निघाली!

पण अरेरे! टपोरी शेंग चपटी झाली होती. म्हैस का हलकी असते? टरफलाला चीर गेली होती. झुपकीच्या डोळ्यांत पाणी आलं. फुटक्या शेंगेला कोण घेणार? तरी तिनं शेंग तोंडात धरली. खाल्ली का? नाही खाल्ली. अगदी अलगद धरली आणि झाडावर चढली. सरसर सरसर.

पोपटराव आलेच होते. आई उभी होती. बाबा उभे होते. आजोबा फांदीवर बसले होते. खॉक खॉक.

झुपकीनं शेंग आईच्या हातात दिली. आईनं बघितली. बाबांनी बघितली. पोपटरावांनी मान वाकडी केली. एका डोळ्यानं बघितली, मग दुसऱ्या डोळ्यानं बघितली.

पोपटराव म्हणाले, "आत दाणे आहेत ना? मग शेंगच आहे. ठेवा शिगेवर."

आईनं शेंग शिगेवर ठेवली. पोपटरावांनी पंख पसरले.

फडफड!

करवंटी हलली. शीग हलली. आणि शेंग? बसली ती बसलीच! टपोरी शेंग घसरते. चपटी शेंग घसरेल कशी?

पोपटराव म्हणाले, "माप पुरं. ढोली तुमची. होळी तर अजून लांब आहे की हो!"

पोपटरावांची मंडळी आली. शेंगा घेऊन गेली. मग पोपटरावांनी आतल्या खोलीतून आपलं सामान काढलं. केवढं होतं सामान? दोन जुनी पिसं आणि एक चिंचोका. एवढंच! झुपकीला राग आला. खूप राग आला. बाबा हळूच म्हणाले, "असू दे, बाळा. त्यांची खोली होती. आता आपली आहे."

मग आईनं आतली खोली झाडली. बाबांनी मऊ मऊ सावरीचा कापूस अंथरला. आई म्हणाली, "आबा, चला आत."

आजोबा म्हणाले, "मला नाही वाजत थंडी."

झुपकीनं आजोबांचा हात धरला. ओढला. आजोबा आत आले. खोलीभर बघत राहिले. मग खाली बसले, मग आडवे झाले. झुपकीनं आपली शेपटी त्यांच्या अंगावर घातली. शेपटी छोटीच होती, पण उबदार होती.

त्या दिवशी जेवायला शेंग नव्हती. चिंचेचा कोवळा पाला होता. सगळ्यांनी तोच खाल्ला. आई म्हणाली, "उद्यापासून एक पोटाला." बाबा म्हणाले, "आणि दुसरीही पोटाला!"

बाहेर गार वारा सुटला. झुपकीनं कान टवकारले. खॉक ऐकू येतंय का? नाही. पुन्हा कान टवकारले. आता? नाही. आजोबा घोरत होते. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

मग झुपकीनंही डोळे मिटले.

शेंग बसली शिगेवर, आजोबा निजले घरात, आणि आता आपणही निजायचं पांघरुणात.